दिवंगत अध्यक्षांची हजेरी

"पेपर कोणी उघडला ते कागदावर छापलेलंच आहे, मॅडम," भावनाताई म्हणाल्या. "पण तो माणूस आठ महिन्यांआधीच वारला."

नीलकंठ दाणींचा पोह्यांचा चमचा तोंडापाशी येऊन थांबला. बुधवारी सकाळी साडेदहाला, चौबे कॉलनीतल्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या बशीतले पोहे खाताना माणसाने काय काय ऐकून घ्यायचं यालाही काही मर्यादा असते.

घर त्यांचं असलं तरी तळमजल्यावरची पाटी सुनीती पोतदारची होती. 'खासगी तपास', एवढंच त्यावर लिहिलेलं. सुनीती त्यांची आठवीतली विद्यार्थिनी. विमा कंपनीत खोटे दावे पकडायची नोकरी सोडून ती जागा शोधत आली आणि त्यांची भाडेकरू झाली. चौतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर तेव्हापासून रोज सकाळी तिच्या ऑफिसात येऊन बसत. आपण तिला तपासात मदत करतो अशी त्यांची समजूत होती आणि सुनीतीने ती कधी मोडली नव्हती.

"सुरुवातीपासून सांगा," सुनीती म्हणाली.

भावनाताई शहराला लागून असलेल्या बीरगावच्या. अंगणवाडीत कामाला होत्या, नवरा उरला इथल्या कारखान्यात. त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, विहाराला लागून प्रज्ञा अभ्यासिका होती. अध्यक्ष तुळशीरामबाबांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी ती काढली. दरवर्षी तिथे एक चाचणी होई. जो पहिला येईल त्याला एक संस्था वर्षभर नागपूरला ठेवून शिकवी.

"या रविवारी चाचणी झाली. माही रुचिता पहिली आली. शंभरात शहाण्णव. दुसऱ्या नंबरच्या पोट्ट्याले एक्याऐंशी. मंगळवारी संध्याकाळी सेक्रेटरी दयारामजी घरी आले आन् हा कागद दाखवला. म्हणे, तुह्या पोट्टीनं आदल्या दिवशीच पेपर पाह्यला."

रुचिता आईच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. एकवीस वर्षांची, बारीक चणीची. तिला मराठी सगळं कळत होतं, पण शाळा हिंदीतली, म्हणून उत्तर हिंदीतच येई.

"मैंने नहीं देखा," ती म्हणाली.

"रविवारी कमिटी बसणार आहे," भावनाताई म्हणाल्या. "सीट दुसऱ्याले देऊन टाकतील. पुढच्या वर्षी हिचं वय निघून जाते. हिचे बाबा म्हणून राहिले, फॅक्टरीत पॅकिंगला लावून दे. ते बी चालेल एक वेळ. पण पोरं हिले पेपरचोर म्हणून राहिले, मॅडम. पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्या पोट्टीले."

सुनीतीने कागद उलगडला. नीलकंठ सरांनी चष्मा सावरून मान पुढे केली. अभ्यासिकेचं एक वेबॲप होतं. त्यात पदाधिकाऱ्यांनी कधी काय केलं याची आपोआप नोंद राही. शनिवारची नोंद अशी होती: दुपारी दोनला 'इंद्रजीत, आत आले', मग 'इंद्रजीत, पान: नवी प्रश्नपत्रिका', मग 'इंद्रजीत, बाहेर गेले'. चार वाजून पाच मिनिटांनी 'तुळशीराम, पान: प्रश्नपत्रिका मंजुरी'. सहा वाजून दहा मिनिटांनी 'दयाराम, आत आले', मग 'दयाराम, पान: प्रश्नपत्रिका मंजुरी', मग 'दयाराम, बाहेर गेले'.

"सात ओळी आहेत," नीलकंठ सर म्हणाले. काहीतरी केल्यासारखं त्यांना वाटलं.

"सातच आहेत, सर," सुनीती म्हणाली आणि बराच वेळ त्या सात ओळींकडे पाहत राहिली. मग तिने मुलीकडे पाहिलं. "शनिवारी चार वाजता तू कुठे होतीस?"

"अभ्यासिका में. कम्प्यूटर पर भूगोल का वीडियो देख रही थी."

"तुळशीरामबाबांचा पासवर्ड तुला माहीत होता?"

भावनाताईंनी चपापून लेकीकडे पाहिलं. रुचिताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"हाँ. बाबा को टाइप करना नहीं आता था. मैं ही डालकर देती थी."

नीलकंठ सरांना वाटलं, संपलं. वेळ जुळली, जागा जुळली, किल्लीही सापडली. पोरगी गरीब दिसते, पण औरंगजेबही टोप्या शिवायचा. त्यांनी सुनीतीकडे सूचक नजर टाकली. सुनीतीने ती घेतलीच नाही.

"उद्या दुपारी तीन ते पाच दोघी इथे येऊन बसा," ती भावनाताईंना म्हणाली. "मोबाईल घरी ठेवून या. आम्ही नसू, पण सरांच्या सूनबाई असतील. त्यांची नजर तुमच्यावरून हलू देऊ नका."

"आपण नसताना त्यांनी इथे येऊन काय करायचं?" त्या गेल्यावर सरांनी विचारलं.

"काहीच नाही करायचं, सर. तेच तर हवं आहे."

सरांना काही कळलं नाही. याची त्यांना सवय होती, तरी दर वेळी थोडं वाईट वाटेच.

गुरुवारी दुपारी दोघं बीरगावला पोचले. अभ्यासिकेला कुलूप होतं. सेक्रेटरी दयारामजी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारातच उभे होते. पोस्टातून निवृत्त झालेला हा ताठ माणूस शर्टाचं वरचं बटणही लावत असे.

आत लांब बाकं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली एक रिकामी खुर्ची. खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून पांढरा टॉवेल अंथरलेला.

"अध्यक्षांची खुर्ची," दयारामजी म्हणाले. "तुळशीरामजी गेले तेव्हा ठराव केला. पहिला स्मृतिदिन होईपर्यंत अध्यक्षपद त्यांच्याच नावानं राहील. खुर्ची, पाटी, सगळं."

"आणि ॲपवरचं नाव?"

"ते बी. खुर्चीवर त्यांना ठेवलं आन् ॲपवरून काढलं तर कसं दिसते?"

"अभ्यासिकेचा कम्प्यूटर कुठे आहे?"

"मंगळवारीच मी माझ्या घरी कपाटात बंद केला. पुरावा आहे तो."

"शनिवारी सहा वाजता तुम्ही पेपर मंजूर केलात?"

"हव. अध्यक्ष नसले का ते काम सेक्रेटरी करते. सगळे प्रश्न, उत्तरं तपासली. अठराव्या आन् बेचाळीसाव्या प्रश्नाचं उत्तर इंद्रजीत सरांनी चुकीचं टाकलं होतं. फोन करून विचारलं आन् दुरुस्त केलं. रविवारी सकाळी मीच छापला." त्यांनी बटणावरून हात फिरवला. "मले त्या पोट्टीचा राग नाही, मॅडम. मीच तिले पहिलं पुस्तक दिलं होतं. पण नियम म्हणजे नियम."

एवढ्यात ॲप बनवणारा विकी आला. तो शंकरनगरात कुठल्या तरी कंपनीत कामाला होता आणि अभ्यासिकेचं काम हौसेने करी. सुनीतीने त्याला बाकावर बसवलं.

"आमच्या सरांना समजेल असं सांग. हे कसं चालतं?"

सरांना हे लागलं, पण ते ऐकू लागले.

"सर, ही अभ्यासिका समजा," विकी म्हणाला. "लॉगिन म्हणजे दारावरचा चौकीदार. नाव आन् पासवर्ड विचारते, वहीत 'आत आले' लिहिते. आत गेल्यावर कोन कोणत्या खोलीत जाईल हे ॲपमधला रस्ता ठरवते. पोरांना अभ्यासाच्या पानावर नेते. पदाधिकाऱ्यांना मुख्यपानावर. तिथं आपला फोटो आन् आपलं नाव येते, जय भीम अमुक अमुक. आन् काही मंजुरी बाकी असली तर मुख्यपान नाही, थेट मंजुरीचंच पान उघडते. म्हातारे लोक विसरतात ना, म्हणून तसं केलं."

"आणि बाहेर पडायचं?"

"'बाहेर पडा' दाबलं का वहीत 'बाहेर गेले'. नाही दाबलं तर अर्ध्या तासानं आपणच काढून देतो." विकी हसला. "तुळशीरामबाबा मात्र भडकले होते माझ्यावर. म्हणे, माह्याच अभ्यासिकेत मलेच दर वेळी नाव काहून विचारतं बे? ओळखत नाही का मले? मग त्यांच्यापुरती ती अर्ध्या तासाची अट काढून टाकली."

"तुला सगळ्यांचे पासवर्ड दिसतात?"

"दिसत नाही. पण मी नवीन बनवू शकतो. आन् वहीतली ओळ पुसूबी शकतो." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "मी नाही केलं, दीदी."

"फेब्रुवारीपासूनची पूर्ण वही मला पाठव. आजच्या संध्याकाळपर्यंतची."

इंद्रजीत सर स्कूटरवरून आले तेच रागात. पेपर त्यांनी काढला होता, आणि दुसरा आलेला शिशिर त्यांचा सख्खा भाचा होता. नीलकंठ सरांच्या मनात लगेच नवा संशय उभा राहिला आणि तो त्यांना फार आवडला.

"शनिवारी चार वाजता मी घरी झोपलो होतो," इंद्रजीत सर म्हणाले. "दोन वाजता पेपर टाकला, फोन बंद केला, पाचपर्यंत झोपलो. माझा भाचा आहे म्हणून मीच चोर का? अरे, पेपर माझ्या डोक्यात होता. मेलेल्या माणसाच्या नावानं कशाला उघडू?"

"बरोबर आहे," सुनीती म्हणाली.

नीलकंठ सरांचा नवा संशय असा जन्मतःच गेला.

पावणेचारला दयारामजींनी त्यांना तुळशीरामबाबांच्या घरी नेलं. शेवंताबाई कमिटीत नवऱ्याच्या जागी बसत, म्हणून त्यांनाही भेटायला हवं होतं. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस नव्हती पण गोकर्णाचा वेल होता. सत्तरीच्या शेवंताबाईंनी पाहुण्यांना खाटेवर बसवलं. कोनाड्यात बाबांचा फोटो होता आणि फोटोला टेकून त्यांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला.

"चालू आहे अजून?" सुनीतीने विचारलं.

"बंद नाही पडू देत मी. अश्विन, माहा पोट्टा, पुण्याले असते. तोच रिचार्ज करून नंबर चालू ठेवते." त्यांनी चहा गाळला. "मागल्या आठवड्यात बिघडला होता तो. मग आपणच ठीक झाला. विकी दिसला तर पाठवा त्याले."

"रुचिताबद्दल काय वाटतं, आजी?"

"पेपर उघडला म्हणतात. कोनं उघडला ते मले काय समजते, बाई? मी दुसरीतून शाळा सोडली. यांनी शिकवायची लय खटपट केली. मले त्यांचं नाव तेवढं वाचता येते." शेवंताबाईंनी गाळणं झटकलं. "पोट्टी चांगली आहे. हे होते तर असं होऊ दिलं नसतं."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. शेवंताबाईंनी पाहुण्यांना चहा दिला आणि आपला पेला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा निवलेला होता. नीलकंठ सरांना तो फोटोतल्या माणसाशी बोलून आलेल्या बाईचा वाटला, पण फोटो तर बाहेरच होता. कोनाड्यात काहीतरी कमी झाल्यासारखंही त्यांना वाटलं. काय ते मात्र लक्षात येईना.

शुक्रवारी विकीची वही आली. सुनीतीने ती छापून सरांच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः गोलबाजारात कुकरचं झाकण बदलायला निघून गेली. असा राग सरांना आयुष्यात फार कमी वेळा आला होता.

त्यांनी इतिहासाच्या माणसाने वाचावं तसं ओळीने वाचलं. नऊ फेब्रुवारीला 'तुळशीराम, आत आले'. सतरा फेब्रुवारीला बाबा वारले, हे दयारामजींनी सांगितलंच होतं. त्यानंतर चार दिवस त्यांच्या नावाची एकही ओळ नव्हती. मग रोज, न चुकता, दुपारी चारच्या पुढेमागे: 'तुळशीराम, पान: मुख्यपान'. मार्च, एप्रिल, उन्हाळा, पावसाळा. त्या शनिवारी तेवढं 'प्रश्नपत्रिका मंजुरी'. रविवारपासून परत मुख्यपान. कालची ओळ सगळ्यात खाली होती. चार वाजून चार मिनिटं.

मेलेला माणूस आठ महिने रोज चार वाजता कामावर हजर होत होता, आणि काल तर कम्प्यूटर दयारामजींच्या कपाटात होता.

"सुनीती," ती आल्यावर ते म्हणाले, "मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण हे काय आहे ते मला सांग."

"काल चार वाजता रुचिता कुठे होती, सर?"

"इथे. सूनबाईंसमोर. मोबाईलसुद्धा नव्हता तिच्याकडे." सरांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे कालची ओळ तिची नाही."

"छान," सुनीती म्हणाली. "आता दयारामजींकडून रुचिताची उत्तरपत्रिका मागवते. आणि कमिटीची बैठक साडेतीनला ठेवायला सांगते."

"साडेतीनलाच का?"

सुनीती कुकरला झाकण बसतं का ते बघत राहिली.

रविवारी साडेतीनला सगळे अभ्यासिकेत जमले. एका बाजूला दयारामजी आणि इंद्रजीत सर, मधे मांडीवर कापडी पिशवी घेऊन शेवंताबाई. विकीने लॅपटॉपवर चालू वही उघडून ठेवली होती. भावनाताई आणि रुचिता दाराजवळच्या बाकावर बसल्या होत्या, बोलावल्याशिवाय पुढे यायचं नाही अशा. अध्यक्षांची खुर्ची टॉवेल घालून रिकामी होती.

"आधी कोणाला गरज नव्हती ते पाहू," सुनीती म्हणाली. "इंद्रजीत सरांनी पेपर लिहिला. दयारामजींना तो स्वतःच्या नावाने उघडता येतो. विकी वहीतली ओळ पुसू शकतो, त्याने ठेवली नसती. या तिघांनी मेलेल्या माणसाचं नाव उसनं घ्यायचं काहीच कारण नाही. उरली रुचिता."

भावनाताईंनी लेकीचा हात धरला.

"रुचिताला पासवर्ड माहीत होता. तिने तो घातला असता तर चौकीदाराने वहीत काय लिहिलं असतं, विकी?"

"'आत आले'."

"दयारामजी, तुमचा कागद काढा. तुमच्या नावाच्या तीन ओळी आहेत. आत आले, पान, बाहेर गेले. इंद्रजीत सरांच्याही तीन. तुळशीरामबाबांची एकच. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी ओळी मोजल्या होत्या, सात."

नीलकंठ सर ताठ बसले. आपण नेमकं काय शोधलं होतं ते अजूनही त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

"बाबांच्या नावाने कोणी दारातून आत आलंच नाही," सुनीती म्हणाली. "पासवर्ड कोणी वापरलाच नाही. मग रुचिताला तो माहीत होता याला काय अर्थ उरला? ज्याने पान उघडलं तो आधीपासूनच आत होता."

"आत म्हणजे?" दयारामजींनी विचारलं.

"नऊ फेब्रुवारीला बाबा शेवटचे आत आले. त्यानंतर 'बाहेर गेले' ही ओळ कुठेच नाही. विकीने त्यांच्यापुरती अर्ध्या तासाची अट काढली होती, म्हणून त्यांना कोणी बाहेर काढलं नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी ठराव करून त्यांचं नाव राहू दिलं. बाबा गेले, दयारामजी, पण अभ्यासिकेतून ते अजून बाहेर पडलेलेच नाहीत."

त्याच क्षणी नीलकंठ सरांना कोनाड्यात गुरुवारी काय कमी झालं होतं ते आठवलं. फोटो तिथेच होता. त्याला टेकलेला मोबाईल नव्हता.

ते बोलणारच होते, पण सुनीतीने बोट ओठावर ठेवलं. घड्याळात चार वाजले होते.

"जरा थांबा, बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "चार वाजले. यांची ड्यूटी चारले सुटे."

त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला. पदराने काच पुसली आणि बोटाने सावकाश, एका ठरलेल्या जागी दाबलं. मग दोन्ही हातांत धरून पाहत राहिल्या.

विकीच्या लॅपटॉपवर एक नवी ओळ उमटली. 'तुळशीराम, पान: मुख्यपान'. वेळ चार वाजून एक मिनिट.

दयारामजींनी ओळ वाचली, मग शेवंताबाईंकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"काय दिसतं त्यात, आजी?" सुनीतीने मऊ आवाजात विचारलं.

"हे दिसतात. फोटो येते, आन् जय भीम, खाली त्यांचं नाव. तेवढं मले वाचता येते." मग त्यांना सगळ्यांच्या नजरा कळल्या. "काहून? काय झालं?"

"मागच्या आठवड्यात मोबाईल बिघडला होता म्हणालात. तो शनिवार होता?"

"हव. यांचा फोटोच नाही आला. नुसती अक्षरंच अक्षरं. मी घाबरली, म्हटलं आता हे बी गेलं. दुसऱ्या दिवशी परत आलं."

"दोन वाजता पेपर आला आणि अध्यक्षांची मंजुरी बाकी राहिली," सुनीती बाकीच्यांना म्हणाली. "म्हणून रस्त्याने अध्यक्षांना, म्हणजे या मोबाईलला, मुख्यपानावर न नेता थेट पेपरवर नेलं. सहा वाजता दयारामजींनी मंजूर केला, दुसऱ्या दिवशी रस्ता पूर्ववत झाला. पेपर फुटलाच नव्हता. वाचता न येणाऱ्या एका बाईसमोर तो फक्त उघडला होता."

इंद्रजीत सर खाकरले. "पण रुचिता त्यांच्या पाऱ्यातलीच. तिथे जाऊन पाहिला असला तर?"

"मीही तेच म्हटलं. म्हणून उत्तरपत्रिका मागवली. चार वाजता त्या पानावर अठरा आणि बेचाळीस या प्रश्नांची उत्तरं चुकीची होती. सहाला दुरुस्त झाली. पान पाहून पाठ केलेल्या मुलीने ती चुकीचीच लिहिली असती. रुचिताची दोन्ही बरोबर आहेत. तिचे चार मार्क गेले ते भलत्याच प्रश्नांत, आणि त्यांची बरोबर उत्तरं पानावर सरळ दिसत होती. जे समोर लिहिलेलं होतं ते चुकवायचं आणि जे चुकीचं लिहिलं होतं ते बरोबर करायचं, असं चोरी करणारं कोणी करत नाही."

दयारामजी उठले. दाराजवळच्या बाकापर्यंत चालत गेले आणि रुचितासमोर उभे राहून त्यांनी हात जोडले. "बेटा, चूक झाली माझी. तू नागपूरला जाशील. पाऱ्यात मी स्वतः घरोघर जाऊन सांगतो."

भावनाताईंनी तोंडाला पदर लावला. इतके दिवस धरून ठेवलेलं रडू आता त्यांना आवरेना.

शेवंताबाई मात्र हातातल्या मोबाईलकडे पाहत होत्या. सगळं उशिरा, पण नीट त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"माह्यामुळं झालं हे," त्या म्हणाल्या. "माह्यामुळं पोट्टीवर आळ आला."

"तुमची चूक नाही, आजी," विकी पुटपुटला. "माझी आहे. पण आता... आता हे बंद करावं लागेल. अध्यक्षांचं दार असं उघडं ठेवता येत नाही."

"बंद म्हणजे?"

विकीने खाली मान घालून 'बाहेर पडा' हे बटण दाखवलं.

"हे दाबलं का ते जातील?"

नीलकंठ सरांना खिशात रुमाल सापडेना. तेवढ्यात रुचिता उठली, शेवंताबाईंच्या पायाशी जमिनीवर बसली आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली. शब्द अडखळत येत होते.

"बाबा नाही जात, आजी. फक्त दरवाजा लागते. मी आहे ना तुमच्यासोबत."

शेवंताबाईंनी एकवार फोटोकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत जय भीम म्हटलं आणि बटण दाबलं. लॅपटॉपवर ओळ आली. 'तुळशीराम, बाहेर गेले'.

दयारामजींनी जाऊन अध्यक्षांच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला, घडी केली आणि म्हणाले, "स्मृतिदिनाची वाट पाहायची गरज नाही. शेवंताबाई, तुम्ही बसा. ठराव मी लिहितो."

"मले वाचता येत नाही."

"नागपूरला जायला अजून एक महिना आहे," रुचिता म्हणाली. "मी शिकवते."

विकीने तिथल्या तिथे नवं नाव नोंदवलं. मुख्यपान उघडलं. फोटोच्या जागी अजून काही नव्हतं, पण खाली अक्षरं होती. शेवंताबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"हे यांचं नाव नाही."

"नाही. तुमचं आहे," रुचिता म्हणाली आणि त्यांचं बोट धरून एकेका अक्षरावर फिरवलं. "शे. वं. ता."

शेवंताबाईंनी ते तीनदा म्हणून पाहिलं.

"आता पासवर्ड सांगा, आजी," विकी म्हणाला. "आन् आता दर वेळी विचारणार बरं का. तुमालेबी."

शेवंताबाईंनी रुचिताला जवळ ओढून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. रुचिताने हसून ते टाईप केलं.

परतताना ऑटोत सुनीती वाट पाहत होती, सर विचारतील म्हणून. टाटीबंधचा पूल आला, गेला. नीलकंठ सर बाहेर पाहत होते.

"पासवर्ड काय असेल ते नाही विचारत, सर?"

"नको," सर म्हणाले. "तेवढं नाव कळलं मला."